पाच चरित्रं, एक सिकंदर: नोंदवही

३ जून

वाचनालयाच्या मासिक बैठकीत विषय निघाला, सिकंदर माणूस म्हणून कसा होता? दोन मिनिटांत सगळी उत्तरं आली. महान. दारुडा. पोरसला राज्य परत दिलं म्हणजे दिलदार. एकानं मोबाइलवर आलेला मजकूर वाचून दाखवला: 'माझे हात तिरडीबाहेर ठेवा, जगज्जेता रिकाम्या हातांनी चाललाय हे लोकांना दिसू दे.' हे मूळ कुठे लिहिलंय, असं मी विचारून बसलो आणि ऑक्टोबरचं व्याख्यान माझ्याच गळ्यात पडलं.

बँकेच्या तपासणी विभागात जन्म गेला. व्हाउचर दाखवा म्हणायची खोड जात नाही.

५ जून

काय काय वाचायचं ते ठरवलं. मुख्य पाच जण. डायोडोरसच्या जगाच्या इतिहासातला १७ वा खंड. कर्टियसचं लॅटिन चरित्र. प्लुटार्कनं सीझरच्या जोडीनं लिहिलेलं चरित्र. ॲरियनचे सात खंड. आणि जस्टिन, म्हणजे ट्रोगस नावाच्या लेखकाचा मोठा ग्रंथ गाळून-गाळून केलेला गोषवारा. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये बाबिलोनला वारला. पाचांतला सगळ्यात जवळचा डायोडोरस, तोही जवळजवळ तीनशे वर्षांनंतरचा. ज्याला सगळ्यात विश्वासू मानतात तो ॲरियन तर सुमारे साडेचारशे वर्षांनंतरचा. आपल्याकडे चिटणीसांची बखर शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, तर तेवढ्यानंही आपण तिच्याकडे भुवया उंचावून पाहतो.

सुरुवात सोपी झाली. ग्रंथपाल बाईंनी माळ्यावरून मॅक्रिंडलचं जुनं पुस्तक काढून दिलं. सिकंदराच्या हिंदुस्थानातल्या स्वारीचा भाग पाचही जणांनी कसा सांगितला, ते त्यानं एकाच ग्रंथात इंग्रजीत आणलंय. पुठ्ठा सुटलाय, पानं शाबूत आहेत. बाकीचं जाळ्यावरच्या जुन्या भाषांतरांतून.

नाव 'सिकंदर'च ठेवायचं. 'अलेक्झांडर' म्हटलं की आमच्या मंडळींना तो वेगळाच कुणी वाटतो.

९ जून

रिकाम्या हातांची गोष्ट पाचांपैकी एकाकडेही नाही. डायोडोरसच्या पुढच्या, १८ व्या खंडात अंत्ययात्रेचं वर्णन आहे, तेही सविस्तर. घडीव सोन्याची शवपेटी, आत सुगंधी द्रव्यं, आणि ६४ खेचरांनी ओढायचा रथ. रथ बांधायलाच दोन वर्षं गेली. हात बाहेर असल्याचा उल्लेख नाही. घटनांचा तक्ता करायचा ठरवलाय, त्यातली पहिलीच ओळ कोरी.

१६ जून

तक्ता भाचीनं संगणकावर बनवून दिला. आडव्या ओळींत घटना, उभ्या रकान्यांत पाच लेखक. एकूण २२ घटना निवडल्या. पद्धत अशी की ज्या बाजूला जास्त लेखक ती बाजू खरी धरायची.

चाचणीला पर्सेपोलिस घेतलं. इ.स.पू. ३३० मध्ये इराणी सम्राटांचा राजवाडा जळाला. डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क या तिघांचं म्हणणं एकच: मेजवानी, दारू, आणि अथेन्सची थाईस नावाची गणिका. क्सर्क्सीझनं आमचं अथेन्स जाळलं, आता त्याचा वाडा आपण बायकांनी जाळू, असं तिनं म्हटलं आणि राजाच मशाल घेऊन पुढे झाला. प्लुटार्क जोडतो की त्याला लगेच पश्चात्ताप झाला आणि त्यानं आग विझवायला सांगितलं. ॲरियनकडे थाईस नाही, दारूही नाही. तिथे म्हातारा सेनापती पार्मेनियन सांगतोय, आता हे आपलंच आहे, आपलीच मालमत्ता कशाला जाळता? सिकंदर म्हणतो, अथेन्सचा सूड. ॲरियनला स्वतःला हे शहाणपणाचं वाटत नाही, तसं तो लिहितोही.

तीन विरुद्ध एक. निकाल: दारूच्या भरात. ओळ हिरवी केली. फार झकास वाटलं.

२२ जून

झकास वाटणं सहा दिवस टिकलं. भाची म्हणाली, "मामा, हे लोक एकमेकांचं बघून तर लिहीत नाहीत ना? वाक्यं सारखीच वाटतायत."

शोधलं. डायोडोरस, कर्टियस आणि जस्टिन यांच्या बऱ्याचशा मजकुरामागे क्लायटार्कस नावाचा एकच जुना लेखक असावा, असं अभ्यासक मानतात. त्याचं पुस्तक आज उरलेलं नाही. थाईसची गोष्ट त्याच्याकडे होती हे तर दुसऱ्या एका प्राचीन लेखकानं नाव घेऊन सांगितलंय. म्हणजे मी तीन साक्षीदार मोजत होतो आणि त्या निघाल्या एकाच व्हाउचरच्या नकला. नोकरीत शिकाऊ मुलांना ही चूक केल्याबद्दल मी किती बोललोय!

बहुमत रद्द. हिरवा रंग काढला. नवा रकाना घातला: 'हे याला कुणी सांगितलं?'

२३ जून

प्लुटार्कबद्दल आदर वाढला. ॲमेझॉन राणी सिकंदराला भेटायला आली होती म्हणतात, तर प्लुटार्क सरळ यादीच देतो: हो म्हणणारे पाच, थाप म्हणणारे नऊ. आणि पुढे एक किस्सा. ओनेसिक्रिटस हा सिकंदराबरोबर हिंडलेला लेखक. पुढे सिकंदराचा जुना साथी लिसिमॅकस राजा झाला, त्याला तो आपलं पुस्तक वाचून दाखवत होता. ॲमेझॉनचा भाग आला तसा लिसिमॅकस गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, "आणि मी तेव्हा कुठे होतो बरं?"

हे वाक्य भिंतीवर लावून ठेवलंय.

३० जून

आजचा सगळा दिवस ॲरियनचा. त्याचं व्हाउचर स्वच्छ आहे. सुरुवातीलाच सांगून टाकतो की मी टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलस या दोघांवर भिस्त ठेवलीय. दोघेही मोहिमेवर होते, दोघांनी राजा गेल्यावर लिहिलं, त्यामुळे ना धाक ना बक्षिसाची आशा. शिवाय टॉलेमी पुढे इजिप्तचा राजा झाला, आणि खोटं बोलणं राजाला अधिक लाजिरवाणं.

हे शेवटचं कारण वाचून पुस्तक खाली ठेवलं. चहा घेतला. सही जितकी मोठी तितकी नोंद खरी, हा नियम मी तरी आयुष्यात कुठे पाहिला नाही.

पण मग टॉलेमीच्या बाजूनं एक पुरावा सापडला, आणि भक्कम. मुलतानच्या परिसरात मल्लोई लोकांचा गड घेताना सिकंदर तटावरून एकटाच आत उडी मारतो आणि छातीत बाण लागून पडतो. अंगावर ढाल धरून त्याला कुणी वाचवलं? क्लायटार्कस म्हणत होता, टॉलेमीनं. आयतं श्रेय चालून आलेलं. टॉलेमीनं मात्र स्वतः लिहिलं होतं की मी तिथे नव्हतोच, दुसऱ्या कामगिरीवर होतो. कर्टियस आणि ॲरियन दोघेही हे नोंदवतात. आलेला मान नाकारणाऱ्याचा कागद मी तरी खरा धरीन.

संध्याकाळी दुसरी बाजू हाती आली. थाईस. सिकंदराच्या पश्चात ती कुणाकडे होती? टॉलेमीकडे. त्याला तिच्यापासून तीन मुलं झाली, एक मुलगी तर सायप्रसमधल्या एका राजाला दिली. आता ॲरियनच्या पर्सेपोलिसमध्ये थाईस का नाही, याचा वेगळाच वास येतो. मुलांच्या आईनं दारूच्या नशेत जगातला सर्वांत श्रीमंत वाडा पेटवला, हे कोणता राजा लिहील? अर्थात उलटही शक्य आहे. ती तिथे नव्हतीच आणि क्लायटार्कसनं चटकदार नाव घुसडलं.

एकच माणूस. एका ओळीत स्वतःविरुद्ध खरं बोलतो, दुसऱ्या ओळीत कदाचित घरच्यांसाठी गप्प बसतो. त्याला गुण द्यायचे कसे? ओळ पिवळी. पिवळी म्हणजे 'अनिर्णित'.

७ जुलै

रात्रभर पाऊस, वीज गेलेली. कंदिलात वाचायची हौस फिटली. काम शून्य.

१४ जुलै

क्लायटसचा खून. २२ घटनांत ही एकच घेऊन व्याख्यान करता येईल.

सगळ्यांना मान्य असलेला भाग थोडा आहे. इ.स.पू. ३२८, समरकंद. क्लायटस हा जुना सरदार. त्याची बहीण सिकंदराची दाई. ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदराच्या डोक्यावर घाव पडणार तेवढ्यात यानंच वार करून त्याला वाचवलेलं. मेजवानीत दारू चढते, खुशमस्करे राजाला देवांच्या पंगतीला बसवतात, क्लायटसला ते सहन होत नाही, शब्दानं शब्द वाढतो, आणि राजा त्याला भाल्यानं भोसकतो.

आता रकाने. प्लुटार्ककडे राजा आधी हाताला आलेलं सफरचंद फेकून मारतो, मग कट्यार शोधतो, ती एका अंगरक्षकानं आधीच बाजूला केलेली असते. मित्र क्लायटसला बाहेर ढकलतात, तो दुसऱ्या दारानं युरिपिडीसच्या नाटकातल्या ओळी म्हणत परत येतो. हे वाचताना दोघांचाही तोल सुटत जाताना दिसतो. कर्टियसचा सिकंदर वेगळा. तो ओसरीच्या अंधारात भाला घेऊन वाट पाहत उभा राहतो. क्लायटस सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडतो. एका लेखकाकडे भडका आणि दुसऱ्याकडे दबा. न्यायालयात या दोहोंना शिक्षाही वेगळी होते.

ॲरियन? तो क्लायटसच्या उद्धटपणाला दोष देतो आणि सिकंदराची कीव करतो, की राग आणि दारू या दोन दुर्गुणांच्या ताब्यात तो गेला. नंतरच्या पश्चात्तापाबद्दल त्याचं कौतुकही करतो. राजा तीन दिवस अन्नाला शिवला नाही असं काही सांगतात म्हणे. मग दरबारातला एक तत्त्वज्ञ येऊन समजूत घालतो की झ्यूसच्या शेजारी न्यायदेवता बसलेली असते ती एवढ्यासाठी, की झ्यूस जे करील ते न्याय्यच ठरावं. राजाचंही तसंच. या माणसावर मात्र ॲरियन खरा चिडतो. म्हणतो, झालेल्या खुनापेक्षा हे सांत्वन जास्त घातक.

कर्टियस यावर आणखी एक नोंद टाकतो. मॅसिडोनियन सैन्यानं ठराव केला की क्लायटसला मारलं ते योग्यच होतं. सरकारी भाषेत कार्योत्तर मंजुरी. हसू आलं, मग आलं नाही.

डायोडोरसचा रकाना कोरा, पण त्याचं कारण निराळं. त्याच्या हस्तलिखितातली नेमकी तीच पानं गहाळ आहेत. मागे अनुक्रमणिका उरलीय, त्यावरून कळतं की गोष्ट तिथे होती. कर्टियसचे पहिले दोन खंडही असेच गेलेत.

१५ जुलै

म्हणून कोऱ्या रकान्यांचे प्रकार पाडले. राखाडी: पानं हरवली. तांबडा: पानं आहेत पण लेखक गप्प. पांढरा: माझं वाचायचं राहिलंय.

तांबडे रकाने ॲरियनच्या खाली सर्वांत जास्त. टायर शहर सात महिन्यांच्या वेढ्यानंतर पडलं (इ.स.पू. ३३२), तेव्हा दोन हजार जणांना समुद्रकाठी क्रूसावर टांगलं, हे कर्टियस आणि डायोडोरसकडे आहे. ॲरियन आठ हजार मेल्याचं आणि तीस हजार गुलाम म्हणून विकल्याचं लिहितो, क्रूस नाहीत. गाझाचा सरदार बाटिस, त्याला जिवंतपणी घोट्यांतून पट्टे ओवून रथामागे फरफटवलं, हे कर्टियसकडे आहे. ॲरियन गप्प. पण गप्प म्हणजे घडलंच नाही असं नाही, आणि कर्टियस सांगतो म्हणजे घडलंच असंही नाही. होमरच्या काव्यात हेक्टरला असंच रथामागे फरफटवतात, कर्टियसला तो आठवला असेल तर?

२८ जुलै

ॲरियनची आणखी एक लकब पकडली. इराणी सम्राट दारियसचा खून करणाऱ्या बेससचे सिकंदरानं नाक-कान कापवले, तिथे तो थांबून हे रानटी असल्याचं म्हणतो. मग म्हणतो, क्लायटसचं प्रकरण जरा नंतरचं आहे, पण इथेच सांगून टाकतो. त्याला जोडूनच कॅलिस्थिनीसचं. तीन डाग एका ठिकाणी गोळा केले, कबुली दिली, आणि पुन्हा मोहिमेवर निघाला. बुडीत कर्जं ताळेबंदात एकाच परिशिष्टात टाकतात ना, तसं. बाकीची पानं मग चकचकीत राहतात. लपवलेलं काही नाही, फक्त जागा निवडलेली.

कॅलिस्थिनीस तर खुद्द दरबारी इतिहासकार, ॲरिस्टॉटलचा नातेवाईक. राजासमोर लोटांगण घालायला विरोध केला आणि कटाच्या आरोपात सापडला. त्याचा शेवट टॉलेमी सांगतो तो असा: छळ करून फाशी. ॲरिस्टोब्युलस सांगतो: बेड्या घालून सैन्याबरोबर फिरवलं, आजारानं मेला. ॲरियनलाही इथे उसासा टाकावा लागतो, की तिथे हजर असलेले विश्वासू लोकसुद्धा एक सांगत नाहीत.

४ ऑगस्ट

छोटी गंमत. तहानलेल्या सैन्यासमोर सिकंदराला कुणीतरी थोडं पाणी आणून देतं, तो ते पीत नाही. प्लुटार्ककडे हे दारियसच्या पाठलागात घडतं. कर्टियसकडे ऑक्सस नदीच्या अलीकडच्या वाळवंटात. ॲरियनकडे मकरानच्या रेताडात, शिवाय काही जण याआधीची जागा सांगतात अशी पुस्ती. पहिल्या दोघांकडे तो पाणी परत देतो. ॲरियनकडे सगळ्यांदेखत जमिनीवर ओततो आणि सैन्याला सगळ्यांनीच पाणी प्यायल्यासारखा हुरूप येतो. भाचीनं एका शब्दात निकाली काढलं: "फॉरवर्ड."

१८ ऑगस्ट

मस्सगा, स्वातच्या खोऱ्यातलं. याची धास्ती होती, कारण इथे आपली बाजू ठरलेली असते.

शहर वाचवायला भाडोत्री हिंदी सैनिक होते. ॲरियन सात हजार म्हणतो. तह झाला, ते बायकामुलांसह बाहेर पडले, आणि सिकंदरानं त्यांना गाठून कापलं. ॲरियनच्या हातात कारण तयार आहे: त्यांना आपल्याच देशबांधवांविरुद्ध लढायचं नव्हतं, रात्री पळून जायचा बेत होता, तो राजाला कळला. डायोडोरस म्हणतो, त्यांनी तहाची आठवण दिली तेव्हा राजा म्हणाला, शहरातून जाऊ द्यायचं कबूल केलं होतं, कायमची मैत्री नव्हे. पडलेल्यांची शस्त्रं उचलून बायका लढल्या, हेही त्याच्याकडेच. आणि प्लुटार्क, ज्यानं तरुणपणी सिकंदराच्या स्तुतीची भाषणं लिहिली असं मानतात तो, इथे एकाच वाक्यात संपवतो: एरवी नियमानं आणि राजाला शोभेल असं लढलेल्या माणसाच्या कर्तृत्वावरचा हा डाग.

भक्ताच्या हातून आलेला ठपका. याचं वजन मी जास्त धरलं. वैऱ्याची साक्ष आणि भक्ताची कबुली यांत फरक आहे.

२५ ऑगस्ट

पोरस. झेलमकाठ, इ.स.पू. ३२६. शाळेत पाठ केलेलं: "तुला कसं वागवू?" "राजासारखं." ॲरियनकडे आहे, प्लुटार्ककडे आहे. डायोडोरसकडे हा संवाद नाही, तांबडा. जस्टिनचा पोरस हरल्याच्या दुःखात अन्न घेत नाही, जखमांना हात लावू देत नाही. ओळ भरली. राज्य परत मिळालं यावर एकमत. सोपं गेलं.

८ सप्टेंबर

आधुनिक चरित्रकारांचा रकाना घालायचा मोह झाला, आवरला. थोडक्यात टिपण तेवढं: १८३३ मध्ये द्रॉयझेननं त्याला इतिहासाला वळण देणारा पुरुष केलं. १९३३ मध्ये टार्ननं ओपिस इथल्या मेजवानीत सिकंदरानं केलेल्या प्रार्थनेवरून त्याला मानवजातीच्या ऐक्याचा स्वप्नाळू ठरवलं. प्रार्थना होती मॅसिडोनियन आणि इराणी यांच्यात एकोपा नांदो अशी. १९५८ मध्ये बेडियननं मूळ मजकूर पुढे ठेवून विचारलं, यात मानवजात कुठे आहे? बेडियन व्हिएन्नात जन्मलेला, नाझींमुळे घर सोडून न्यूझीलंडला गेलेला. लगेच त्याचा धागा जोडावासा वाटतो. जोडत नाही.

१५ सप्टेंबर

अस्सल कागद मिळाला! कागद नव्हे, वीट. बाबिलोनचे ज्योतिषी रोज आकाशाची नोंद मातीच्या पाट्यांवर ठेवत. त्यातली एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. महिन्याची २९ तारीख, आपल्या हिशेबानं ११ जून ३२३. राजा मेला. शेजारी ढगांची नोंद.

नावसुद्धा नाही, नुसता 'राजा'. ना विषप्रयोगाची वदंता, ना मरताना त्याच्या तोंडी घातलेलं 'जो सर्वांत बलवान त्याला राज्य'. मस्टरवर खूण करावी तशी.

२९ सप्टेंबर

तक्ता छापायला द्यायचा म्हणून भाची शेवटचं तपासायला बसली. मी पोहे करत होतो.

"मामा, पोरसच्या ओळीत कर्टियसचा रकाना पांढरा आहे. वाचायचं राहिलं?"

म्हटलं, असेल. तिनं मॅक्रिंडल उघडलं. त्या पानावर समासात माझ्याच पेन्सिलीची खूण. तारीखही माझ्या हातची, ११ जून. म्हणजे वाचलेलं होतं, आवडलेलं होतं, आणि भरताना गळलं. गळलं की मी गाळलं, हे मला खरोखर सांगता येणार नाही. शाळेतलं उत्तर तिथे बसत नव्हतं एवढं खरं.

कर्टियसचा सिकंदर विचारतो, तुझं काय करावं असं तुला वाटतं? जखमी पोरस उत्तर देतो: आजचा दिवस जे सुचवील ते, भाग्य किती पडाऊ असतं ते आज तू पाहिलंस.

रकाना भरला. दुरुस्ती म्हणून शेजारी आजची तारीख आणि आद्याक्षरं घातली. पोहे लागले.